देवनागरी अक्षरांना आउटलाइन बाहेरूनच द्या

फोटोवर मराठी मजकूर टाकायचा असेल, तर आउटलाइन अक्षराच्या बाहेरच हवी. इंकस्केपमध्ये स्ट्रोक अक्षराच्या कडेवर मधोमध बसतो. ८ पिक्सेलचा दिला की ४ बाहेर जातात आणि ४ आत शिरून अक्षर खातात. अनुस्वाराचं टिंब, 'ष'मधली तिरकी रेघ, बारीक रफार यांचा आधी बळी जातो. उपाय म्हणजे पेंट ऑर्डरमध्ये फिल स्ट्रोकच्या वर घ्यायचा. फोटोशॉपमध्ये लेयर स्टाइलमधल्या स्ट्रोकची पोझिशन 'आउटसाइड' ठेवा. गिंपमध्ये मजकुराच्या लेयरवर 'अल्फा टू सिलेक्शन' करा, मग 'ग्रो' करून खालच्या नव्या लेयरवर रंग भरा.

कुणी म्हणेल, बाहेरची आउटलाइनही 'ब'च्या पोटातली मोकळी जागा बुजवतेच. खरंय, पण ती वेगळ्या रंगाने बुजते, त्यामुळे अक्षर वाचता येतं. मग मजकुराचे पाथ करून बॉर्डर दिली तर? शिरोरेषा जिथे जुळते तिथे प्रत्येक अक्षराची कड उमटते. ती घालवायला सगळे तुकडे 'युनियन'ने एकजीव करावे लागतात, आणि मग ऱ्हस्व-दीर्घाची चूक सुधारायची सोय राहत नाही. म्हणून मजकूर मजकूरच ठेवा, आउटलाइन बाहेर द्या आणि पोस्ट करण्याआधी चित्र मोबाइलवर लहान करून बघा. अनुस्वार स्पष्ट दिसला पाहिजे.