उभी सुई, वळलेली भूमी

बंगळुरूच्या लालबागेतील टेकाडावर सायंकाळी वारा खाण्यास बसणाऱ्या मंडळींपैकी, ज्या भूमीवर आपण बसलो आहो ती कधी काळी जागच्या जागी वळली असेल, अशी शंका क्वचितच कोणास येत असेल. तथापि त्या शहराभोवतीच्या पुराण खडकांत सुमारे २३७ कोटी वर्षांपूर्वी शिलारस घुसून ज्या काळ्या भित्ती उभ्या राहिल्या, त्या दक्षिणेस साधारण पूर्व-पश्चिम धावतात आणि करीमनगरकडे जाता जाता ईशान्येस कलतात. रामनगराच्या जुन्या नावाने ओळखला जाणारा क्लोजपेट ग्रॅनाइटचा पट्टाही असाच बाकदार आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, हे सारे खडक ज्यात मोडतात त्या धारवाड भूखंडाचा उत्तरभाग नकाशावर ३० अंश मागे फिरवून पाहिला, तेव्हा भित्तींचा हा बाक बहुतांशी सरळ झाला.

परंतु नकाशावरचा अदमास म्हणजे दाखला नव्हे. साक्ष खडकाचीच हवी. शिलारस निवून सुमारे ५८० अंश सेल्सिअसखाली आला की त्यातील मॅग्नेटाइटचे कण तत्कालीन भूचुंबकीय दिशेचा शिक्का धारण करतात, आणि त्या शिक्क्याची अंगे दोन: सुई क्षितिजाखाली किती झुकली ती नती, जिच्यावरून अक्षांश कळतो, आणि उत्तरेपासून किती ढळली तो दिक्पात. भूखंडांच्या टकरीत कवचाचा एखादा तुकडा बिजागरीवरील दारासारखा वळला, तर नती तशीच राहते, दिक्पात मात्र तितक्याच अंशांनी फिरतो. १९५६ साली क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या काळ्या पाषाणाची जबानी याच रीतीने घेतली आणि तो दक्षिण गोलार्धात थिजून पुढे सबंध भारतासह उत्तरेकडे सरकताना घड्याळाच्या उलट दिशेने वळला, असे दाखविले.

बंगळुरूच्या भित्तींपाशी मात्र साक्षीदार अडखळतो. त्यांतील चुंबकत्व जवळजवळ लंबरूप आहे, म्हणजे तो प्रदेश तेव्हा ध्रुवासमीप होता. आणि जमिनीत उभ्या रोवलेल्या काठीला तुझे तोंड कोणीकडे असे विचारण्यात जितका अर्थ, तितकाच अशा सुईला दिक्पात विचारण्यात. जो शिक्का अक्षांशाबाबत इतका निःसंदिग्ध, तोच वळणाबाबत जवळजवळ मुका, हा योग मला तरी मोठा मार्मिक वाटतो. ज्यांची सुई आडवी निजली आहे अशा भित्तीच या निकालाच्या कामी येतात. आणि त्यांचाही नमुना काढण्यापूर्वी त्यावर सूर्याच्या छायेवरून दिशा आखून घ्यावी लागते, कारण चुंबकी पाषाणाच्या सान्निध्यात होकायंत्र स्वतःच बहकते.

जागेवरून सुटलेला दगड या कामी बाद. काळा ‘ग्रॅनाइट’ म्हणून तासून, चकाकवून जो स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसतो, तो पुष्कळदा कर्नाटकातील अशाच भित्तींचा पाषाण असतो. त्याची उत्तर मात्र खाणीतच राहून गेलेली असते.