बंड्याचा टब, बाबांची कंबर

रविवारी सकाळी बाथरूममधून बादली सरकवल्याचा आवाज आला, की आमचे बंडोपंत गायब! ३२ किलोचा लॅब्रेडॉर दिवाणाखाली मावतो कसा, हे कोडं घरात अजून कुणाला सुटलेलं नाही. मग आई बिस्किटाचा पुडा वाजवणार, मी खोटं खोटं ‘चल, फिरायला’ म्हणणार आणि बाबा खांद्यावर जुना टॉवेल टाकून दारात उभे. बंड्या लहान होता तेव्हा हा सगळा प्रकार म्हणजे नुसती धम्माल होती. गेल्या पावसाळ्यात मात्र त्यातली मजाच गेली.

झालं असं, की आंघोळ चालू असताना बंड्याचे मागचे पाय गुळगुळीत टाइल्सवर फाकले आणि तो धप्पकन खाली बसला. त्याला उचलायला बाबा वाकले आणि त्यांची कंबर धरली. एकाच दिवशी घरात दोन पेशंट! व्हेटनं एक्स-रे बघून सांगितलं, बंड्याच्या खुब्याच्या सांध्यांची झीज झालीय. लॅब्रेडॉरमध्ये खुब्याचं दुखणं तसं कॉमन, आणि हा तर ९ वर्षांचा. बाबांना त्यांच्या डॉक्टरांनी वाकून वजन उचलायला साफ मनाई केली. म्हणजे रविवारची आंघोळ बंद.

‘पार्लरमध्ये नेऊ की त्याला,’ मी म्हटलं. नेलंही एकदा. परत आलो तर बाबा तोच पेपर तिसऱ्यांदा वाचत बसलेले. मला म्हणाले, ‘कानात पाणी गेलं नाही ना? त्यांना काय माहीत त्याचा डावा कान कसाय ते.’ रिटायर झाल्यावर फक्त त्यांची म्हणून जी दोन-तीन कामं उरली होती, त्यातलं हे एक होतं. ते मला तेव्हा कळलं.

म्हणून ठरवलं, घरातच एक ‘डॉग वॉश स्टेशन’ करायचं. जागा होतीच. पुण्यातल्या फ्लॅट्सना किचनला लागून ड्राय बाल्कनी असते, तशी आमचीही आहे. वॉशिंग मशीन ठेवूनही साडेतीन-चार फूट जागा उरते. नळ आहे, खाली नहाणी ट्रॅप आहे. फक्त एक टब आणायचा होता. फक्त!

टब म्हणजे खोल, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्यामुळे पहिल्या शनिवारी मी बोहरी आळीत जाऊन एक भलामोठा निळा प्लॅस्टिकचा टब रिक्षात घालून आणला. कडा चांगल्या दोन फूट उंच. बंड्यानं पुढचे पाय कडेवर ठेवले, आत डोकावून बघितलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मीच ओशाळले. शेवटी मी आणि शेजारचा दादा, दोघांनी मिळून त्याला आत ठेवलं. टबाचा तळ गोलसर आणि गुळगुळीत. चारही पाय मध्याकडे घसरायला लागले. बिचारा थरथरत उभा राहिला. दोन मिनिटांत बाहेर काढला.

मग ऑनलाइन दिसतो तो घडीचा पूल. या पूलबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्याची कड हातानं दाबली की खाली जाते, त्यामुळे कुत्रा आपला आपण चालत आत येतो. तरणा कुत्रा आणि मोकळी गच्ची असेल तर उन्हाळ्यात याच्याइतकी भन्नाट चीज नाही. पण आमच्या बाल्कनीत तो पसरला की पाय ठेवायला जागा उरेना. शाम्पू पडला की त्याचा तळ निसरडा होतो तो वेगळाच. आणि दर वेळी धुवा, वाळवा, घडी घाला. पहिल्या आठवड्यात उत्साह असतो हो, चौथ्या आठवड्यात कोण करणार?

पत्र्याचा टबही बघून आले. फोटोत जाम क्यूट दिसतो. दुकानदारानं कौतुकानं त्यावर टिचकी मारली आणि ‘ढण्ण’ असा आवाज घुमला. बादलीच्या आवाजाला पळणारं आमचं ध्यान यात उभं राहणार? नमस्कार करून निघाले.

शेवटी ज्या पार्लरमध्ये बंड्याला नेलं होतं, तिथल्या ताईंनाच गाठलं. त्यांचा टब स्टीलचा, कमरेइतका उंच, बाजूला छोटं दार आणि दाराशी उतार. मी टेप घेऊन मापं घ्यायला लागले तशा त्या हसल्या. म्हणाल्या, ‘ही उंची कुत्र्यासाठी नाहीये, माझ्यासाठी आहे. मी दिवसभर उभी राहून हेच करते. तुमचे बाबा उभे राहणारेत का?’

मी गप्प. हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. कुत्र्याला वर कसं चढवायचं याचाच विचार करत होते. बाबांना स्टुलावर बसवलं तर? लॅब्रेडॉर खांद्यापर्यंत साधारण २२ ते २४ इंच. तो जमिनीपासून जेमतेम थोडा वर उभा राहिला, तरी बसलेल्या माणसाच्या हाताशी त्याची पाठ बरोबर येते. वाकायला नको आणि उचलायला तर नकोच नको.

ताईंचा दुसरा प्रश्न याहून भारी होता. ‘टबात पाणी साठवणार आहात का?’ आता टबात पाणी नाही साठवायचं तर काय करायचं? पण विचार करा, कुत्र्याला काही लोळत पडायचं नसतं. उलट मळ आणि फेस घेऊन पाणी लगेच निघून गेलेलंच बरं. आणि वजनाचा हिशेब वेगळाच. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, एक फूट खोल टब काठोकाठ भरला तर जवळजवळ १७० लिटर पाणी, म्हणजे १७० किलो! त्यात बंड्याचे ३२. हे सगळं ड्राय बाल्कनीतल्या कुठल्यातरी टेबलावर चढवायचा माझा विचार होता, हे मी बाबांना अजून सांगितलेलं नाही.

एकदा पाणी साठवायचं नाही म्हटल्यावर खोल टबाची गरजच संपली. मला हवा होता शॉवर ट्रे. नव्या बाथरूममध्ये शॉवरखाली बसवतात तो फायबरचा, पसरट, चार-पाच इंच कडेचा. सॅनिटरीच्या दुकानात साध्या पांढऱ्या रंगात मिळाला. तीन फूट बाय अडीच फूट. घेताना दोनच गोष्टी बघितल्या. एक, तळ सपाट हवा आणि दाबून पाहिलं तर लचकायला नको. पायाखाली हललं की कुत्रा घाबरतो. दुसरी, पाणी जायचं भोक कोपऱ्यात हवं आणि त्याला पाइप लागायला हवा.

प्लंबरकाकांनी एक गोष्ट बजावली. बाल्कनीच्या टाइल्स अजिबात फोडायच्या नाहीत. खालचं वॉटरप्रूफिंग गेलं, तर खालच्या मजल्यावरचे काका आपल्याशी आयुष्यभर बोलणार नाहीत. त्यामुळे काहीही न फोडता विटांचा एक थर मांडला, वर ट्रे, एका बाजूला किंचित उतार आणि पाइप सरळ नहाणी ट्रॅपवर. भोकावर स्टीलची बारीक जाळी लावली. एका आंघोळीत तिच्यावर केसांचा जो गोळा जमतो, तो पाहिला की कळतं हे सगळं पूर्वी कुठे जात असणार. नळाला हँड शॉवर जोडला. हा हवाच. लॅब्रेडॉरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात आणि वरच्या थरावरून पाणी चक्क ओघळून जातं. मगानं कितीही ओता, कातडी कोरडीच. शॉवर अंगाला टेकवून धरला की पाणी आत पोचतं.

आणि मॅट. खरं म्हणजे ही सगळ्यात आधी घ्यायची. ट्रेच्या पूर्ण मापाची, खाली चिकटून बसणारी रबरी मॅट. छोटी घेतली तर एक पाय नेमका तिच्या बाहेर पडतो. तसलीच एक पट्टी पायरीवर. पायरी म्हणजे काय, तर माळ्यावरचा पाट. ‘माझ्या लग्नातला पाट कुत्र्याला?’ आई दोन दिवस धुसफुसत होती. तिसऱ्या दिवशी तिनंच तो पुसून आणून ठेवला.

एक सांगायचं राहिलं. शाम्पू माणसांचा नको. आपली कातडी जरा आम्लधर्मी असते, कुत्र्याची न्यूट्रलच्या जवळ. त्यामुळे आपला महागातला शाम्पूही त्याला सोसेलच असं नाही. पाणी कोमट, मनगटावर बघून.

पहिले दोन रविवार आम्ही त्याला आंघोळच घातली नाही. नुसतं ट्रेमध्ये उभं करायचं, बिस्किट द्यायचं, सोडून द्यायचं. तिसऱ्या रविवारी बाबा स्टुलावर बसले, हँड शॉवर हळू सोडला. बंड्यानं पाटावर पाय ठेवला, मग ट्रेमध्ये एक, दोन, तीन. चौथा पाय बराच वेळ बाहेरच होता. बाबांनी घाई केली नाही. ‘घे तुझा वेळ, मला कुठे ऑफिसला जायचंय,’ असं काहीतरी त्याच्याशी बोलत बसले. पाच-सात मिनिटांनी चौथाही आला. मागचे पाय घसरले नाहीत. डावा कान बाबांनी स्वतः कोरडा केला, दोनदा.

दिवाणाखाली जाणं अजून थांबलेलं नाही. पण आता बिस्किटाच्या पुड्यावर तो बाहेर येतो. आणि तो भलामोठा निळा टब? त्यात आईनं कढीपत्ता लावलाय.