व्यायाम-प्रशिक्षक : एक स्वावलंबी व्यवसाय

आमच्या निवासी शाळेतून बाहेर पडणाऱ्या पुष्कळ मुलामुलींच्या पाठीशी ना शेती असते, ना दुकान. म्हणून थोड्या भांडवलात उभ्या राहणाऱ्या व्यवसायांचा विचार आम्हांस सतत करावा लागतो. व्यक्तिगत व्यायाम-प्रशिक्षकाचे काम त्यांपैकीच एक होय. एका वेळी एकासच शिकवायचे, म्हणून घराची गच्चीही पुरते. काम पहाटे व सायंकाळी. दुपार अध्ययनास मोकळी.

परंतु याहून मोठा लाभ शरीराच्या जाणकारीचा आहे. साठीतल्या मधुमेही गृहस्थांना आणि पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुलीला एकच व्यायाम चालत नाही. भार कधी वाढवावा, विश्रांती केव्हा द्यावी, छातीत दुखताच व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे कसे न्यावे, हे प्रशिक्षकास उमजले पाहिजे. ताकदीच्या पावडरी खपवून पैसा करणाऱ्यास (असेही आढळतात) आम्ही प्रशिक्षक म्हणत नाही.

हे शास्त्र शिकण्यासाठी कारंजेकरांना पुण्या-मुंबईसच जावे लागते असे नाही. शेजारच्या अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. त्याच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली होती. मंडळाचे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालयही तेथेच आहे.

उत्पन्न मात्र बारमाही सारखे नसते. लग्नसराईत आणि सोयाबीनच्या सुगीत शिकणारे गळतात. म्हणून पहिली एक-दोन वर्षे हातचे दुसरे काम सोडू नये, असे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना सांगतो.