आतड्याची उसनवारी

जन्मतःच पाठीचा कणा नीट न सांधलेल्या मुलांच्या मूत्राशयाला मज्जातंतूंचे आदेश धडपणे पोहोचत नाहीत. कित्येकदा तो आक्रसतो, आतील दाब वाढतो आणि तो दाब अखेर मूत्रपिंडांच्या मुळावर येतो. औषधे व नळी यांनी भागले नाही, तर शल्यविशारद मुलाच्याच आतड्याचा तुकडा घेऊन मूत्राशयाला ठिगळ लावतात. मिकुलिच यांनी माणसावर अशी शस्त्रक्रिया केल्याला शतक उलटून गेले. तिचा वृत्तान्त १८९९ सालचा.

या उसनवारीने अनेकांची मूत्रपिंडे वाचली, हे निर्विवाद आहे. परंतु जागा बदलली तरी आतडे आपला धर्म सोडत नाही. मूत्राशयाचे अस्तर मूत्र अडवून धरते. आतड्याचे अस्तर शोषून घेते. साहजिकच टाकाऊ क्षार रक्तात परततात व आम्लता वाढते. चिकट स्रावाने नळी तुंबते, खडे होतात. क्वचित ठिगळ फाटून जिवावर बेतते.

म्हणूनच जैविक सांगाड्याचे आकर्षण. प्राण्याच्या ऊतकातील पेशी धुऊन काढल्या की प्रथिनांची जाळी उरते. रुग्णाच्या पेशींनी ती व्यापावी आणि जाळीने यथावकाश विरून जावे, अशी ही कल्पना. (गंमत अशी की, यांतील एक बहुचर्चित जाळी डुकराच्या लहान आतड्याचीच, मात्र शोषणारे अस्तर खरवडून टाकलेली!) बोस्टनच्या अँथनी अटाला यांनी सांगाड्यावर रुग्णांच्याच पेशी पेरून सात जणांची मूत्राशये वाढवली. २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये ते वृत्त येताच प्रयोगशाळेत अवयव घडल्याचा गाजावाजा झाला. पुढे विरघळणाऱ्या कृत्रिम सांगाड्यावर हीच पद्धत दहा मुलांवर अजमावली गेली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत मूत्राशयाची धारणक्षमता व लवचीकता यांत लक्षणीय सुधारणा आढळली नाही. उलट गंभीर दुष्परिणाम मात्र दिसले. या बातमीला पहिलीच्या पासंगालाही पुरेल एवढी जागा मिळाली नाही.

अडचण रक्तपुरवठ्याची आहे. आतड्याचा तुकडा आपल्या रक्तवाहिन्यांसह येतो. जाळी रिकाम्या हाताने येते. ठिगळ मोठे असले की रक्तवाहिन्या मध्यापर्यंत पोहोचण्याआधीच तेथील पेशी उपाशी मरतात, व्रणाची गाठ धरते आणि ठिगळ आकुंचन पावते. शिवाय निरोगी प्राण्याच्या मूत्राशयात जे साधते, ते मुळातच आजारी मूत्राशयात साधेलच असे नाही.

तूर्त पालकांपुढे ठेवण्याजोगा भरवशाचा मार्ग आतड्याचाच आहे, आणि त्यासोबत नळी, मूत्राशय धुणे व रक्ततपासण्या आयुष्यभर आहेत, हे त्यांना शस्त्रक्रियेपूर्वीच स्पष्ट शब्दांत सांगितले गेले पाहिजे.