गावच्या शाळेचा पैसा येतो कोठून, अडतो कोठे?

इंदापूर तालुक्यातील शेळगाव हे बारामती-इंदापूर रस्त्यावरचे गाव. अशा गावात जिल्हा परिषदेच्या शाळेचे दार मोडले की सुताराला बोलावणे येते, खिडकीच्या जाळीसाठी वेल्डरला, भिंतींसाठी रंगाऱ्याला, गणवेशासाठी शिंप्याला. आपल्यातले अनेक कारागीर आणि दुकानदार ही कामे करतात आणि त्यांचीच मुले अशा शाळांत शिकतात. म्हणजे शाळेशी आपला संबंध दुहेरी आहे.

काम झाले, बिल दिले, की पुष्कळदा एकच उत्तर मिळते : ‘अजून निधी आला नाही.’ हे उत्तर बहुधा खोटे नसते, पण ते अपुरे असते. शाळेचा पैसा एका तिजोरीतून येत नाही. तो चार वाटांनी येतो, आणि एका वाटेचा पैसा दुसऱ्या कामाला लावता येत नाही. कोणत्या वाटेचा पैसा थांबला, हे ज्याला विचारता येते त्याचे काम लवकर होते. त्या चार वाटा आम्ही येथे क्रमाने सांगत आहोत.

पहिली वाट : शिक्षकांचा पगार

महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे आला. शाळा जिल्हा परिषदेची असली तरी शिक्षकांचा पगार राज्य शासनाच्या अनुदानातून होतो. शाळेवरील एकूण खर्चाचा सर्वांत मोठा भाग हाच. जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात शिक्षणाचा आकडा मोठा दिसला तरी त्यातले बहुतेक पैसे पगाराचे असतात. त्यातून एक पत्राही बदलता येत नाही.

दुसरी वाट : शाळेच्या हातचा पैसा

समग्र शिक्षा योजना २०१८-१९ पासून सुरू झाली. तिच्या खर्चात महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. या योजनेतून शाळेला वर्षाला संयुक्त शाळा अनुदान मिळते. २०२१ नंतरच्या नियमांनुसार त्याची कमाल मर्यादा पटसंख्येवर ठरते : ३० पर्यंत मुले असतील तर १०,००० रुपये, ३१ ते १०० मुलांना २५,०००, १०१ ते २५० मुलांना ५०,०००, २५१ ते १,००० मुलांना ७५,००० आणि त्यापुढे १ लाख. यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते.

समजा, शाळेत १२० मुले आहेत. तिला जास्तीत जास्त ५०,००० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ४,१६६ रुपये मिळतील. यातच खडू, रजिस्टर, किरकोळ दुरुस्ती आणि वीजबिल भागवायचे. मुले १०१ वरून १०० झाली तर खडूचा आणि विजेचा खर्च तेवढाच राहतो, पण अनुदानाची मर्यादा निम्म्यावर येते. पट घटला की शाळेची ओढाताण का वाढते, ते यावरून कळेल.

आणखी एक बदल आपल्या व्यवहाराशी संबंधित आहे. पूर्वी ही रक्कम शाळेच्या खात्यावर पडून राहू शकत असे. २०२१ पासून केंद्राच्या योजनांचा पैसा राज्याच्या एकाच मुख्य खात्यात ठेवण्याची पद्धत आली. शाळेला फक्त खर्चाची मर्यादा मिळते आणि बिलाची रक्कम ऑनलाइन थेट दुकानदाराच्या बँक खात्यात जाते. न वापरलेली मर्यादा वर्ष संपताच परत जाऊ शकते. त्यामुळे ‘पुढच्या वर्षी बघू’ या तोंडी वायद्याला येथे फारसा अर्थ उरत नाही.

गणवेशाचा धडा

पैसा कोणाच्या हाती आहे याने गावच्या धंद्यात किती फरक पडतो, हे गणवेशाच्या उदाहरणावरून कळते. समग्र शिक्षामध्ये एका मुलाला दोन गणवेशांसाठी ६०० रुपये धरले आहेत. १२० मुलांचे ७२,००० रुपये होतात. हा आकडा त्या शाळेच्या वार्षिक अनुदानापेक्षाही मोठा आहे. शाळा व्यवस्थापन समिती ही खरेदी करी तेव्हा कापड तालुक्याच्या बाजारातून घेता येई आणि शिलाई जवळच्या शिंप्याकडे जाई.

पुढे शासनाने ‘एक राज्य, एक गणवेश’ धोरण आणले. २०२४-२५ मध्ये कापडाची खरेदी राज्य पातळीवरून झाली आणि शिलाई महिला बचत गटांकडे सोपवली गेली. घाऊक खरेदीत दर कमी पडेल आणि बचत गटांना काम मिळेल, हा विचार गैर नव्हता. परंतु शाळा जूनमध्ये उघडल्या आणि स्वातंत्र्यदिन उलटला तरी अनेक शाळांत गणवेश पोहोचले नव्हते. मापे चुकल्याच्या तक्रारीही आल्या. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय बदलला आणि २०२५-२६ साठी गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना दिला. शिंपी आणि कापड दुकानदारांनी यातून एवढेच लक्षात ठेवावे की हे काम गावात राहणे किंवा जाणे शासनाच्या एका निर्णयावर अवलंबून असते. काम गावात आले असेल तर ते मापात आणि वेळेत देणे, हेच ते गावात टिकवण्याचे मोठे साधन आहे.

तिसरी वाट : जिल्हा परिषदेचा स्वनिधी

जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्नही असते. जमीन महसुलावरील उपकर, पाटबंधाऱ्याच्या पाणीपट्टीवरील उपकर आणि मुद्रांक शुल्कातील हिस्सा ही त्यातली प्रमुख साधने. शाळेसाठी उपकर ही कल्पना जुनी आहे. १८६९ च्या मुंबई लोकल फंड कायद्याच्या काळात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा उपकर घेतला जाई आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांना मिळे.

आज पुणे जिल्हा परिषदेला मुद्रांक शुल्काचा मोठा आधार आहे, कारण पुणे शहराभोवती जमिनी आणि घरांची खरेदी-विक्री जोरात चालते. पण २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत गेली. महापालिकेत गेलेल्या गावातील व्यवहारांचा हिस्सा जिल्हा परिषदेकडे येत नाही. हवेली-मुळशीकडे सीमा बदलली की इंदापूरच्या शाळेच्या दुरुस्तीसाठी असलेल्या स्वनिधीवर ताण येतो, तो असा. शिवाय ही रक्कम आधी शासनाकडे जमा होते आणि मग जिल्हा परिषदेला मिळते, म्हणून उशीर होतो. मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि त्यानंतर काही वर्षे प्रशासकांनी कारभार पाहिला. त्या काळात अंदाजपत्रकावर बोलायला गटाचा निवडलेला सदस्यच नव्हता.

नव्या खोल्या आणि मोठ्या दुरुस्त्यांचा पैसा मुख्यतः जिल्हा वार्षिक योजनेतून येतो. शासनाकडून आलेला असा निधी खर्च करायला जिल्हा परिषदेला साधारण दोन वर्षे मिळतात. म्हणून समग्र शिक्षाच्या बिलाची घाई वेगळी आणि या बिलाची वेगळी.

चौथी वाट : गावाचा निधी

ग्रामपंचायतीकडे घरपट्टी असते आणि वित्त आयोगाचे अनुदान येते. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात महाराष्ट्रात या अनुदानाचे ८० टक्के ग्रामपंचायतींना, १० टक्के पंचायत समित्यांना आणि १० टक्के जिल्हा परिषदांना मिळाले. त्यातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती, ४० टक्के मोकळी होती. शाळेचे शौचालय, हात धुण्याची जागा, पिण्याच्या पाण्याची टाकी ही कामे बांधलेल्या रकमेतही बसतात. पण ती गावच्या विकास आराखड्यात लिहिली गेली पाहिजेत. पुढील वर्षाच्या आराखड्याची तयारी साधारणपणे २ ऑक्टोबरच्या सुमारास ग्रामसभेतून सुरू होते. त्या दिवशी दुकान तासभर बंद ठेवणे परवडते.

व्यापारी-कारागिरांनी काय करावे?

शाळेचे काम घेताना पहिला प्रश्न विचारावा : हा खर्च कोणत्या निधीतून होणार? दुसरा : शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव झाला आहे काय? ठरावाविना केलेले काम मुख्याध्यापकांनाही अडचणीत आणते. बिल पक्के द्यावे, त्यावर बँक खात्याचा तपशील असावा आणि पोच घ्यावी. उलाढाल कमी असल्याने जीएसटी नोंदणी नसेल तरी कारागिराला साधे क्रमांकित बिल देता येते. समग्र शिक्षाचे काम असेल तर ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. हिशोब, दर आणि मालाची प्रत आपल्या लोकांना चांगली कळते. म्हणून पालक म्हणून समितीत जावे, घरातील स्त्रियांनाही पाठवावे. मात्र समितीत असताना आपल्याच दुकानाचा माल शाळेला विकू नये. त्याने माणसाचा आणि समितीचाही विश्वास जातो.

लोकवर्गणी द्यावी, ती आपल्या गावांची चांगली रीत आहे. पण पावती घ्यावी आणि जे काम ग्रामपंचायतीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या निधीतून व्हायचे ते वर्गणीतून उरकू देऊ नये. एकदा वर्गणीतून पत्रे बसले की पुढच्या आराखड्यात पत्र्यांची मागणी राहत नाही, आणि घरपट्टी तर आपण भरतच असतो.