टाकीवरचा चरा आणि घरचा रंगारी

हॉस्टेलच्या पार्किंगमधून एक चक्कर मारून बघा. चरा नसलेली गाडी शोधावी लागते! आणि त्यावर आपला लाडका उपाय कोणता, तर स्टिकर. स्टिकरनं चरा दिसेनासा होतो हे खरं, पण त्याच्या कडेनं शिरलेलं पाणी आतच अडकतं आणि गंज निवांत वाढत राहतो.

आमचं गाव भिवापूर, उमरेडच्या पुढे, मिरचीसाठी प्रसिद्ध. अंगणात उभ्या असलेल्या बाबांच्या मोटारसायकलला मिरचीची पोती भरलेली बंडी घासून गेली आणि लाल टाकीवर चांगला वीतभर चरा पडला. बाबा म्हणाले, "जाऊ दे ना बाप्पा, गाडी चालून रायली न!" चालते, कबूल. पण टाकीचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड. गंजून भोक पडलं तर पेट्रोल खाली तापलेल्या इंजिनवरच गळणार. म्हणून जानेवारीत घरी गेलो तेव्हा हे काम हातात घेतलं.

आधी चरा किती खोल आहे ते बघायचं. गाडीचा रंग हा एक थर नसतो. कारच्या पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया, मग विजेच्या साहाय्याने बसवलेला ई-कोट, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. (ई-कोटची पद्धत फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रुअर यांनी १९६०च्या दशकात कारखान्यात आणली. इलेक्ट्रिकलच्या मंडळींनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.) हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे दोन केसांच्या जाडीएवढे! चऱ्यावर पाण्याचा थेंब टाकला आणि चरा दिसेनासा झाला, तर तो फक्त क्लिअर कोटमध्ये आहे, रबिंगनं जाईल. नख अडकलं आणि आत राखाडी दिसलं तर प्रायमरपर्यंत. चकचकीत किंवा तपकिरी दिसलं तर थेट पत्रा. आमचा तपकिरी होता.

गंज वाईट का, तर तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे कडेचा चांगला रंगही आतून उचलला जातो. चरा दिसतो रेघेएवढा, पण फुगवटा बाजूला सरकत जातो. वरून कितीही रंग मारा, खाली गंज राहिला तर पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रा निघालाच समजा.

टाकीवर काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगतो. "टाकी रिकामी केली, आता भीती नाही" हा समज उलटा आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ धोकादायक. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असलं की ठिणगी पुरते. त्यामुळे ग्राइंडर नाही, ड्रिलला लावलेला तारेचा ब्रश नाही, वाळवायला हेअर ड्रायर तर नाहीच. झाकण घट्ट बंद, काम उघड्यावर, आणि सगळं हातानं.

टाकी शाम्पूनं धुऊन कोरडी केली. वॅक्स आणि तेल निघावं म्हणून थिनरमध्ये किंचित भिजवलेलं फडकं एकदाच फिरवलं. जोरात घासलं तर जुना रंगच विरघळतो. मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं गंज काढून स्वच्छ पत्रा दिसू दिला आणि ४०० नंबरनं रंगाच्या कडा उताराच्या केल्या. कामाचा अर्धा वेळ इथेच जातो आणि जायलाच हवा. शेजारचे काका येऊन म्हणाले, "काऊन एवढं घासून रायला भाऊ? पुट्टी भर न सरळ!" पण ज्या चऱ्याची खोली दोन केसांएवढी, त्यात पुट्टी कशाला? पत्र्याला पोचा गेला असेल तरच पुट्टी. शिवाय पुट्टी पाणी शोषते. ती उघडी ठेवणं म्हणजे गंजाला ओला बोळा देणं.

उघडा पत्रा त्याच दिवशी प्रायमरनं झाकायचा, उद्यावर टाकायचा नाही. प्रायमर वाळला की ६०० नंबरनं हलकेच घासून रंग. बारीक ब्रशनं एकदम जाड थर देण्याचा मोह होतो, कारण ओला रंग चऱ्यात छान भरलेला दिसतो. पण थिनर उडून गेला की तो खाली बसतो. पातळ थर देत, मध्ये वाळू देत, रंग आजूबाजूपेक्षा कणभर वर येईपर्यंत जायचं. मग क्लिअर. आठवडाभरानं लाकडी ठोकळ्याला २००० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून फक्त उंचवटा पाणी लावून उतरवायचा आणि शेवटी रबिंग.

हवामान सांभाळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा तापलेल्या टाकीवर रंग पसरायच्या आतच सुकतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. पावसाळ्यात उलट. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि एन.सी. रंगावर पांढुरकी झाक येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दव सुकल्यानंतरची सकाळ, हीच योग्य वेळ.

रंगाचा कोड गाडीवरच्या लेबलवर असतो. पण नागपुरी उन्हात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या लाल गाडीला कारखान्याचा लाल जुळेलच असं नाही. पुठ्ठ्यावर मारून, वाळवून, दिवसाच्या उजेडात ताडून बघा. आमच्या टाकीवर नीट निरखलं तर किंचित गडद रेघ दिसते, आणि मला ती चालते. मेटॅलिक रंगात मात्र ब्रश घेऊन बसू नका. त्यातले अॅल्युमिनियमचे कण फवाऱ्यानं जसे आडवे बसतात तसे ब्रशनं बसत नाहीत, डाग वेगळा उठून दिसतो. तिथे गॅरेज बरं. दोन भागांच्या पी.यू. क्लिअरचा फवाराही त्यांच्यावरच सोडा. त्यातलं आयसोसायनेट दम्याला आमंत्रण देतं, आणि आपल्या रूममध्ये तर एकच खिडकी असते!

साइड पॅनल आणि मडगार्ड प्लॅस्टिकचे असतील तर गंजाचा प्रश्नच नाही. ते परीक्षा झाल्यावर केले तरी चालतील.