निफाडच्या उन्हात मिरचीची फुलं का गळतात?

निफाडचं नाव पेपरात हमखास येतं ते थंडीत. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती उतरला, याची बातमी दर हिवाळ्यात होते. डिसेंबर २०१८ मध्ये तर तो २ अंशांच्याही खाली गेला होता. याच निफाडमध्ये उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्याची फारशी बातमी होत नाही, कारण तेव्हा जळगाव-मालेगाव पुढे असतात. परसात चार मिरच्या लावणाऱ्याला मात्र ही दोन्ही टोकं सांभाळावी लागतात.

तक्रार बहुतेक घरी एकच. रोप गुडघ्याएवढं झालं, पांढऱ्या फुलांनी भरलं आणि एका सकाळी झाडाखाली फुलांचा सडा. मिरची एकही नाही. मग पाणी वाढवलं जातं, शेजाऱ्याच्या सल्ल्याने चिमूटभर युरिया पडतो, दुकानातून टॉनिकची बाटली येते. झाड आणखी पानाळतं, फुलं गळतच राहतात.

गळालेलं एखादं फूल उचलून नीट बघा. पाकळ्या ताज्या असतात, कुरतडल्याची खूण नसते. देठ तेवढा बुडाशी पिवळा पडून सांध्यातून अलगद सुटलेला असतो. म्हणजे झाडाने फूल स्वतःहून सोडलेलं असतं. मिरचीला फळ धरायला दिवसा साधारण २० ते ३० अंश आणि रात्री १५ ते २० अंश तापमान मानवतं. दिवसाचा पारा पस्तिशीच्या पुढे गेला, रात्रही २४-२५ अंशांच्या खाली उतरली नाही, तर परागकण निकामी होतात आणि ज्याला फळ धरणार नाही ते फूल झाड टाकून देतं. हे पराग कळी उमलण्याच्या साधारण दोन आठवडे आधी घडत असतात. त्यामुळे आज गळणारं फूल बऱ्याचदा पंधरवड्यामागच्या उन्हाचा हिशेब चुकता करत असतं. आज बाटली ओतून त्यात काय फरक पडणार? उलट नत्र जास्त झालं की पाला माजतो आणि फूल मागे पडतं.

थंडीचंही असंच. रात्र १५ अंशांच्या खाली गेली की पराग पुन्हा कुचकामी. जानेवारीत निफाडकडच्या परसात बी नसलेल्या, बुटक्या, वेड्यावाकड्या मिरच्या दिसतात त्या यामुळेच.

दिवसाच्या उन्हाची सगळे काळजी करतात, रात्रीची कोणी करत नाही. आपल्याकडे आता घरं स्लॅबची आणि बाग गच्चीवर. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. अंगणात रात्र सुखद झालेली असते, गच्चीवरच्या कुंडीतल्या मिरचीची मात्र सुटका नसते. काळ्या पिशवीत रोप असेल तर मुळंही भाजतात. म्हणून कुंड्या स्लॅबवर थेट न ठेवता विटांवर किंवा द्राक्षाच्या जुन्या क्रेटवर ठेवाव्यात. क्रेटला निफाड तालुक्यात काय तोटा? काळ्या पिशवीला बाहेरून चुना फासावा किंवा पांढरी गोणी गुंडाळावी. जमिनीत लावायची सोय असेल तर घराची पूर्व बाजू निवडावी. सकाळचं ऊन पुरेसं मिळतं आणि दुपारनंतर घराचीच सावली पडते. पश्चिमेची भिंत ही मिरचीची वैरीण.

मिरची म्हणजे उन्हातलंच पीक, ही समजूत अर्धीच खरी. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात ती आपल्याकडे आली. मूळची ती अमेरिका खंडातली. मेक्सिकोच्या उत्तरेला आणि अॅरिझोनात तिची रानटी भावंडं अजून उगवतात, ती बाभळीच्या कुळातल्या काटेरी झुडपांच्या आडोशाने. पाखरांना तिखट लागत नाही. ती फळं खातात, झुडपावर बसतात आणि विष्ठेतून बी खालच्या सावलीत पडतं. तेव्हा मार्चच्या मध्यापासून ३५ ते ५० टक्क्यांचं हिरवं शेडनेट दुपारच्या बाजूने बांधणं हा मिरचीचा लाड नाही. नेट नसेल तर जुनं सुती पातळ चालतं. शेवग्याची विरळ सावली तर सगळ्यात उत्तम.

आता वेळापत्रक. निफाडला दोन हंगाम साधतात. पहिला सरळ आहे: मेअखेर बी टाकायचं, जूनअखेर किंवा जुलैत रोप लावायचं, म्हणजे ऑगस्टच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत तोडे मिळतात. दुसरा जरा युक्तीचा. जानेवारीच्या सुरुवातीला बी टाकायचं, पण बाहेर नाही. बी रुजायला २५ ते ३० अंश ऊब लागते आणि तेव्हा बाहेर दात वाजत असतात. ट्रे स्वयंपाकघरात ठेवावा, अंकुर दिसले की दिवसा उन्हात आणि रात्री घरात. फेब्रुवारीच्या मध्याला, थंडीचा कडाका सरल्यावर, संध्याकाळच्या वेळी लागण करावी. एप्रिलच्या मध्यापर्यंत ठेच्यापुरत्या मिरच्या नक्की निघतात. पुढे मे महिन्यात फळाची आशा सोडून झाड फक्त जगवावं. पावसाच्या तोंडावर शेंडे हलके छाटले की नवी फूट येते. मिरची काही एका हंगामाची पाहुणी नव्हे. जपली तर दोन-तीन वर्षं टिकते.

माती आपली काळी, भारी. पाणी धरून ठेवते, सुकली की भेगाळते, आणि मिरचीच्या मुळांना दोन्ही सोसत नाही. कुंडीत तिसरा हिस्सा मुरमाड माती किंवा जाड वाळू आणि तिसरा हिस्सा कुजलेलं शेणखत मिसळावं. कुंडी किमान बारा इंची हवी. वर गव्हाचं काड किंवा उसाचं पाचट बोटभर जाड पसरावं. दुपारी पानं मलूल दिसली की लोक धावत तांब्याभर पाणी घालतात. थांबा. संध्याकाळी पानं आपोआप उभी राहिली तर ती तहान नव्हती. बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच पाणी द्यावं, आणि तेही सकाळी.

यानंतरचं संकट चुरडा-मुरड्याचं. पानं वरच्या बाजूला वळून द्रोणासारखी झाली तर फुलकिडे समजावे. कडा खाली वळल्या तर कोळी. खात्री करायला फूल पांढऱ्या कागदावर झटकावं. फुलकिडे असतील तर बारीक पिवळसर रेघोट्या चालायला लागतात. मिरचीवरचा हा फुलकिडा द्राक्षाच्या कोवळ्या फुटीवरही पडतो, त्यामुळे एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागांजवळच्या परसांनी जरा जास्त लक्ष ठेवावं. निळे चिकट सापळे लावावेत आणि ५ टक्के निंबोळी अर्क ऊन उतरल्यावर फवारावा: ५० ग्रॅम निंबोळीचा भुगा रात्रभर भिजवून, गाळून, त्याचं एक लिटर द्रावण करायचं. विषाणूने पुरतं आकसलेलं झाड उपटून टाकावं, त्यात जीव गुंतवू नये. आणि तंबाखू मळलेल्या हाताने रोपाला शिवू नये. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू हातावरून थेट मिरचीवर जातो.

वाण निवडताना ज्वाला किंवा राहुरी विद्यापीठाची, घोसाने लागणारी फुले ज्योती घ्यावी. लवंगीही काटक. ढोबळी मिरचीच्या वाटेला मात्र उघड्या परसात उन्हाळ्यात जाऊच नये. तिचं फळ मोठं, साल नाजूक. उन्हाने पांढरे चट्टे पडून ते सडतं. पॉलिहाऊसवाल्यांना जमतं ते पाच कुंड्यांत जमत नाही.

एप्रिलमध्ये नर्सरीत फुलांनी लगडलेली मिरचीची रोपं मांडलेली दिसतील. मोह होईल, पण ती घेऊ नका. ती फुलं घरी येऊन गळणारच आहेत. पैसे ठेवा, मेअखेर बियाणाचं पाकीट घ्या, आणि घेताना त्यावरची वापराची मुदत तेवढी वाचा.